निर्धोक गाडी आणि तिचा जमाखर्च

मुंबईहून पुण्यास जाणाऱ्या प्रवाशास 'व्होल्वो' म्हटलें कीं बंद खिडक्यांची, थंडगार, धापा न टाकतां घाट चढणारी बस आठवते. गाडी कोणत्याहि कारखान्याची असो, आरामाची बस ती व्होल्वो, असा आपल्याकडे जणूं रूढार्थच होऊन बसला आहे. परंतु ह्या नांवाची कीर्ति युरोप-अमेरिकेंत झाली ती मुख्यत्वें घरगुती मोटारीमुळें. बस करणारी व मोटार करणारी अशा दोन्ही शाखा एकेकाळीं एकाच छत्राखालीं होत्या. १९९९ सालीं मोटारींची शाखा अमेरिकेंतील फोर्ड कंपनीनें विकत घेतली, व २०१० सालीं ती चीनमधील जीली कंपनीकडे गेली. येथें विचार करावयाचा आहे तो ह्या मोटारीचा. जी गाडी माणसाचा जीव वांचविण्याबद्दल नांवाजली, ती तिच्या मालकांना रोजच्या व्यवहारांत कितपत भरंवशाची वाटली, आणि तिनें त्यांच्या खिशास किती झळ लाविली, हा तो प्रश्न होय. जुनी परंतु निर्धोक गाडी घ्यावी, असा मनसुबा करणाऱ्या प्रत्येक कुटुंबास ह्याचें उत्तर उपयोगीं पडण्यासारखें आहे.

स्वीडनमधील गोथेनबर्ग शहरीं १४ एप्रिल १९२७ रोजीं ह्या कारखान्याची पहिली गाडी बाहेर पडली. आस्सार गाब्रियेलसन हा व्यापार जाणणारा आणि गुस्ताफ लार्सन हा यंत्रज्ञ, अशा दोघांनीं हा कारखाना उभारिला. 'व्होल्वो' ह्या लॅटिन शब्दाचा अर्थ 'मी फिरतों' असा आहे. बेअरिंगें करणाऱ्या एका कंपनीनें तें नांव आधींच नोंदवून ठेविलेलें होतें. स्वीडनचा हिवाळा कडक, रस्त्यांवर बर्फ, आणि त्या काळीं बहुतेक रस्ते कच्चे. अशा मुलुखांत पुरून उरेल अशी गाडी करावयाची, हा मूळ हेतु. बळकटपणा आधीं आला. सुरक्षिततेचें शास्त्र त्यांतून पुढें वाढीस लागलें.

१९४४ सालीं लोकांपुढें ठेवलेल्या 'पीव्ही ४४४' ह्या गाडीची समोरची कांच दोन पदर चिकटवून केलेली होती; ती तडकली तरी तिचे तुकडे उडत नसत. पुढें १९५९ सालीं निल्स बोलीन ह्या यंत्रज्ञाचा पट्टा आला. हा गृहस्थ पूर्वीं लढाऊ विमानांतील आसनांवर काम करीत असे. संकटसमयीं वैमानिकास विमानाबाहेर फेंकणारीं तीं आसनें. बोलीननें पट्ट्याचा एक पदर छातीवरून तिरपा घेतला, दुसरा मांड्यांच्या मुळाशीं आडवा घेतला, आणि दोहोंची गांठ कमरेच्या बाजूस खालीं आणली. त्यामुळें धक्क्याचा भार पोटासारख्या मऊ भागावर न पडतां छातीच्या फासळ्या व कमरेचें हाड ह्यांवर वाटला जातो, आणि पट्टा एका हातानें लावतां येतो. कंपनीनें ह्या शोधाचा हक्क आपल्यापुरता न राखतां इतर कारखान्यांसहि तो वापरूं दिला. १९६७ सालीं सुमारें २८,००० अपघातांची छाननी प्रसिद्ध झाली, तींत ताशीं ६० मैलांच्या आंतील वेगाच्या अपघातांत पट्टा लावलेला एकहि मनुष्य दगावला नसल्याचें आढळलें. आज जगांतील प्रत्येक मोटारींत दिसतो तो हाच पट्टा.

हा गुण थोर खरा. परंतु त्याची परीक्षा एका क्षणांत होते, आणि सुदैवानें बहुसंख्य मालकांच्या आयुष्यांत तो क्षण कधींच येत नाहीं. गाडी सकाळीं सुरू होते कीं नाहीं, वाटेंत बंद पडते काय, आणि वर्षअखेर कारागिराचें बिल किती होतें, हा मात्र नित्याचा अनुभव होय. सुरक्षितता हें एक खातें, भरंवसा हें दुसरें आणि खर्च हें तिसरें. पहिल्या खात्यांत भरपूर शिल्लक आहे म्हणून उरलेल्या दोहोंतहि असेलच, असें समजणें हीच खरेदीदाराची मोठी चूक होते.

जुन्या काळीं हीं तिन्ही खातीं बरीचशीं जुळत असत. १९५४ सालीं कंपनीनें स्वीडनमध्यें गाडीबरोबर पांच वर्षांची एक अपूर्व हमी देऊं केली: अपघातांत गाडीची मोडतोड झाल्यास ठराविक रकमेवरील दुरुस्तीचा खर्च कंपनी सोशील. विमा कंपन्यांस हें आपल्या धंद्यावरील आक्रमण वाटलें व प्रकरण न्यायालयांत गेलें; पुढें ह्यांतूनच कंपनीची स्वतःची विमासंस्था निघाली. १९६० च्या दशकांत अमेरिकेंतील जाहिरातींतून कंपनी सांगत असे कीं, स्वीडनमध्यें तिच्या गाडीचें सरासरी आयुष्य ११ वर्षें असतें. गाडी दोन-तीन वर्षांनीं बदलण्याची संवय लागलेल्या अमेरिकन गृहस्थास ही गोष्ट नवीच होती. मात्र तिची दुसरी बाजूहि ध्यानांत ठेविली पाहिजे. स्वीडनमध्यें १९६५ पासून गाड्यांची वार्षिक तपासणी सक्तीची झाली. टिकाऊपणाचें श्रेय केवळ लोखंडाचें नसून, तें वेळच्यावेळीं तपासणाऱ्या नजरेचेंहि होतें.

ह्याची साक्ष अमेरिकेंतील एका शाळामास्तरानें सगळ्या जगास पटविली. न्यूयॉर्कजवळील लाँग आयलंडवर राहणाऱ्या अर्व्ह गॉर्डन ह्या विज्ञान-शिक्षकानें १९६६ च्या जून महिन्यांत तांबड्या रंगाची 'पी १८००' गाडी घेतली. शाळेस जाऊन-येऊन त्याचा रोजचा प्रवास सुमारें १२५ मैल होई. त्यानें तीच गाडी चालविली, सेवानिवृत्त झाल्यावरहि चालविली, आणि सप्टेंबर २०१३ मध्यें अलास्कांत तिचे ३० लक्ष मैल, म्हणजे सुमारें ४८ लक्ष किलोमीटर, पुरे केले. २०१८ सालीं तो वारला तेव्हां आंकडा ३२ लक्ष मैलांच्या वर गेलेला होता. ह्यांत जादू कांहीं नव्हती. गाडीबरोबर मिळालेल्या पुस्तिकेंत जें लिहिलें होतें तें तो पाळीत असे: तेल वेळेवर बदलावयाचें, बारीक आवाज ऐकूं आला तर त्याचें कारण शोधावयाचें, उद्यांवर टाकावयाचें नाहीं. इंजिन मात्र मधल्या काळांत खोलून नव्यानें बांधावें लागलें. अमर यंत्र जगांत कोठेंहि नाहीं.

१९७४ ते १९९३ ह्या काळांत निघालेल्या '२४०' ह्या चौकोनी गाडीनें मालकांचें प्रेम सर्वांत अधिक संपादन केलें. अशा २८ लक्षांच्या आसपास गाड्या तयार झाल्या. इंजिन साधें, त्याच्या भोंवतीं हात घालण्यास जागा मोकळी, आणि घरच्याघरीं पाना फिरविणाऱ्या गृहस्थासहि बहुतेक कामें जमण्यासारखीं. तथापि हिच्यांतहि दोष होते, व ते जुन्या मालकांस तोंडपाठ असतात. १९८० ते १९८७ च्या दरम्यानच्या पुष्कळ गाड्यांत इंजिनाच्या वायरींवरील वेष्टण उष्णतेनें वाळून पापुद्र्यासारखें गळून पडे, आणि मग गाडी कधीं कां चालते व कधीं कां रुसते हें समजेनासें होई. मैल मोजणाऱ्या यंत्राचें दांत्यांचें लहानसें चाक तुटून आंकडे जागच्या जागीं थांबत. जुनी गाडी घेणाऱ्यानें अशा आंकड्यावर विसंबणें म्हणजे बंद घड्याळावर वेळ पाहण्यासारखेंच.

साधेपणा गेला म्हणजे खर्च कसा वाढतो, हें दोन उदाहरणांवरून स्पष्ट होईल. इंजिनाच्या पोटांत तयार होणारी वाफ बाहेर काढण्याची एक वाट असते. ती तेलाच्या काजळीनें तुंबली कीं आंतला दाब वाढतो व तेल सांध्यांतून बाहेर येऊं लागतें. '२४०' मध्यें ह्या वाटेवर एक लहानसा स्वस्त तुकडा असे. तो काढून धुतला वा बदलला कीं काम झालें. पुढच्या '८५०' व 'व्ही ७०' ह्या पांच नळकांड्यांच्या गाड्यांत तीच वाट हवा आंत नेणाऱ्या नळ्यांच्या मागें दडलेली आहे. तेथवर पोंचण्यास वरचा पसारा उतरावा लागतो. बदलावयाचा भाग फार महाग नाहीं, परंतु मजुरी जबर. दुसरें उदाहरण झडपा हालविणाऱ्या दांतेरी पट्ट्याचें. '२४०' च्या बहुतेक इंजिनांत तो तुटला तर गाडी थांबते. नवा पट्टा घातला कीं पुन्हां चालूं लागते. पांच नळकांड्यांच्या इंजिनांत मात्र पट्टा तुटतांच दट्ट्ये झडपांवर आदळतात, झडपा वांकतात, आणि शंभराच्या कामाचे हजार होतात. दोष तोच, गाडी त्याच घराण्यांतली. फरक पडला तो दुर्लक्षाच्या किंमतींत.

पुढें विजेचीं उपकरणें आलीं. १९९९ ते २००१ च्या सुमाराच्या अनेक गाड्यांत इंजिनास हवा पुरविणारें दार पूर्वींप्रमाणें तारेनें न उघडतां विजेनें उघडे. त्यांतील घांसणारा जोड झिजून गाडीचा जोर एकाएकीं नाहींसा होई. तक्रारी इतक्या झाल्या कीं, अमेरिकेंत कंपनीस ह्या भागाची हमी १० वर्षें अथवा २ लक्ष मैलांपर्यंत वाढवावी लागली. परंतु सर्वांत बोधप्रद उदाहरण 'एक्ससी ९०' ह्या मोठ्या कुटुंबगाडीचें आहे. २००२ सालीं ती बाजारांत आली. अमेरिकेंतील महामार्ग-सुरक्षेच्या विमासंस्थेनें २०१५ सालीं जाहीर केलेल्या आंकड्यांत, ज्यांच्या चालकांपैकीं एकहि मृत्यु नोंदला गेला नाहीं अशा नऊ गाड्यांत तिचें नांव होतें. आणि ह्याच गाडीच्या २००३ ते २००५ मधील सहा नळकांड्यांच्या प्रकाराचा गिअरबॉक्स अकालीं निकामी होण्याबद्दल मालकांत कुप्रसिद्ध आहे. जीवाचें रक्षण करण्यांत पहिली आणि खिसा रिकामा करण्यांतहि पुढें, अशी एकच गाडी असूं शकते, हें येथें उघड दिसतें. मालकांस विचारून केल्या जाणाऱ्या अमेरिकन पाहण्यांत भरंवशाच्या बाबतींत टोयोटा, लेक्सस हीं जपानी नांवें बहुधा वरच्या ओळींत असतात. व्होल्वोस तो मान क्वचितच मिळतो.

खर्चाचें गणित मांडतांना पहिली बाब किंमत उतरण्याची. अशी गाडी नवी असतांना महाग, परंतु थोड्याच वर्षांत तिचें मोल झपाट्यानें घसरतें. म्हणून जुनी घेणारास ती स्वस्त वाटते, आणि सांपळा येथेंच असतो. गाडीची किंमत उतरली तरी तिच्या सुट्या भागांची किंमत उतरत नाहीं. चौथाई किंमतीस घेतलेल्या गाडीस ब्रेक लागतात ते पुऱ्या किंमतीच्या गाडीचेच. चारी चाकांना जोर पुरविणाऱ्या प्रकारांत एकच टायर नवा घालून भागत नाहीं. चाकांच्या आकारांत फरक पडला तर जोर वाटणारीं चक्रें झिजतात, म्हणून चारी टायर बरोबरीनें बदलावे लागतात. समोरच्या कांचेमागें रस्ता पाहणारा कॅमेरा असेल तर दगड लागून कांच तडकतांच केवळ कांच बसवून चालत नाहीं, कॅमेऱ्याची नजरहि पुन्हां जुळवून घ्यावी लागते. युरोप-अमेरिकेंतील जाणते मालक हमीची मुदत संपल्यावर ह्याच गाड्यांचें काम करणारा स्वतंत्र कारागीर गांठतात, व खर्च पुष्कळ आटोक्यांत ठेवतात. आपल्याकडे कंपनीच्या मोटारी २००७ पासून विकल्या जातात. परंतु त्यांची संख्या थोडी, दुरुस्तीचीं केंद्रें मोठ्या शहरांपुरतीं, आणि पुष्कळ भाग परदेशांतून येणारे. तेव्हां लहान गांवीं राहणाऱ्यानें हा हिशेब दुपटीनें काळजीपूर्वक करावा.

हा सर्व खटाटोप केवळ पैशाचा नाहीं. कुटुंबप्रमुख मुलांबाळांच्या काळजीनें निर्धोक म्हणून जुनी गाडी घेतो. पहिलें मोठें बिल येतें. मग ब्रेकचें काम पुढच्या महिन्यावर जातें, गुळगुळीत झालेले टायर आणखी एक पावसाळा काढतात, आणि हवेच्या पिशवीचा दिवा सारखा जळत असला तरी त्याची नजरेस संवय होते. ज्या गुणासाठीं गाडी घेतली तो गुण अशा रीतीनें तिच्यांतून हळूहळू निघून जातो. उरतें तें नुसतें नांव. नीट ब्रेक व चांगले टायर असलेली साधी गाडी अशा नांवाजलेल्या पण हेळसांडलेल्या गाडीपेक्षां केव्हांहि बरी.

म्हणून अशी गाडी घेतांना तिच्या चकाकीपेक्षां तिच्या कागदांकडे अधिक पहावें. दांतेरी पट्टा केव्हां बदलला, तेल किती अंतरानें बदललें, गिअरबॉक्सचें काम झालें काय, ह्याच्या पावत्या मागाव्या. त्या नसतील तर तीं सर्व कामें आपल्यावरच आहेत असें धरून किंमत ठरवावी. आणि खरेदीची रक्कम मोजतांना पहिल्या वर्षाच्या दुरुस्तीची रक्कम वेगळी काढून ठेवावी. ती काढतां येत नसेल तर ती गाडी आपल्याला परवडत नाहीं, एवढें ओळखावें. लाँग आयलंडच्या शाळामास्तरानें आपल्या गाडीची पुस्तिका वाचली आणि बावन वर्षें पाळली. त्याच्या ३२ लक्ष मैलांचें रहस्य त्याहून अधिक कांहीं नव्हतें.