‘कयामतचा मासा’ खरोखर काय सांगतो?

आमच्या मोरिवलीला समुद्र नाही. इथे तो मच्छीवाल्या मावशींच्या टोपलीतून येतो, नाहीतर पावसाळ्यासाठी भरून ठेवलेल्या सुक्या बोंबलातून. २०२५ च्या जूनमध्ये मात्र तो मोबाईलमधून आला. तामिळनाडूच्या मच्छीमारांच्या जाळ्यात एक लांबलचक, चांदीसारखा चकाकणारा मासा सापडला होता. ओळीने उभ्या राहिलेल्या माणसांनी तो हातांवर तोलून धरला होता. व्हिडिओखाली लिहिले होते, ‘कयामतचा मासा वर आला. आता मोठा भूकंप होणार. पुढे पाठवा.’

आमच्या इमारतीतल्या एका लहान मुलीने तो पाहिला आणि रात्री आईला बिलगून विचारले, “अम्मी, कयामत उद्या आहे का?” आईला काय उत्तर द्यावे ते सुचेना. म्हणून आम्ही या माशाची माहिती गोळा केली. ती प्रत्येक घरात असावी असे वाटले.

हा मासा कोण?

या माशाला इंग्रजीत ‘ओअरफिश’ म्हणतात, म्हणजे वल्ह्यासारखा मासा. हाडे असलेल्या माशांमध्ये सर्वांत लांब हाच. तो ८ मीटरपर्यंत वाढतो. डोक्यावर लाल तुरा असतो. सुमारे १००० मीटर खोलीपर्यंतच्या पाण्यात तो राहतो आणि क्वचितच कोणाच्या नजरेस पडतो. वर येतो तो बहुधा आजारी, जखमी किंवा मरणाला टेकलेला असतो. जपानमध्ये त्याला समुद्रदेवाच्या महालातला दूत मानत. तो दिसला की भूकंप येतो, ही समजूत तिथलीच. २०११ च्या मोठ्या भूकंपाआधी तिथे असे काही मासे किनाऱ्याला लागले होते, त्यामुळे ती आणखी पसरली.

जपानी संशोधकांनी ही समजूत तपासून पाहिली. १९२८ ते २०११ या काळात खोल पाण्यातले मासे दिसल्याच्या ३३६ नोंदी त्यांनी जमवल्या आणि त्या २२१ भूकंपांशी ताडून पाहिल्या. मेळ बसला तो फक्त एकदा. २०१९ मध्ये हा अभ्यास प्रसिद्ध झाला. पण तो कोणी ‘पुढे पाठवा’ म्हणून पाठवला नाही.

वर आल्यावर काय होते?

पाण्यात दर १० मीटर खोलीला हवेच्या एका वातावरणाएवढा दाब वाढतो. १००० मीटरवर अंगठ्याच्या नखाएवढ्या जागेवर साधारण १०० किलोचा भार पडतो. माशाला तो जाणवत नाही, कारण त्याच्या अंगातल्या पाण्याचा दाबही तेवढाच असतो. वेफर्सचे पाकीट घेऊन महाबळेश्वरचा घाट चढलात तर ते टम्म फुगलेले दिसते. बाहेरचा दाब कमी झाला की आतली हवा पसरते. पुष्कळ माशांच्या पोटात हवेची पिशवी असते. असा मासा जाळ्यातून झपाट्याने वर ओढला गेला की ती पिशवी फुगते, जठर तोंडातून बाहेर येते, डोळे बाहेर येतात.

ओअरफिशला अशी पिशवी नसते, पण वरचे पाणी त्याच्याही सोयीचे नाही. अरबी समुद्रात १००० मीटर खोलीवर पाणी १० अंशांहून थंड असते, तर पृष्ठभागावर २८ अंशांच्या आसपास. खाली अंधार आणि संथपणा, वर ऊन आणि लाटा.

‘ब्लॉबफिश’ची गोष्टही अशीच. २०१३ मध्ये लोकांनी त्याला जगातला सर्वांत कुरूप प्राणी ठरवले. फोटोत तो लोंबणाऱ्या नाकाचा, वितळलेल्या गोळ्यासारखा दिसतो. पण त्याच्या घरी, शेकडो मीटर खाली, पाण्याचा दाब त्याच्या मऊ अंगाला आधार देतो आणि तो साध्या माशासारखाच दिसतो. आपल्या बोंबलाकडे पाहा. पाण्याने भरलेला हा मासा समुद्रात चपळ शिकारी असतो आणि टोपलीत लुळा पडतो. बोंबील ज्या गणातला आहे, त्यातले कितीतरी मासे खोल समुद्रात राहतात.

या खोल दुनियेची ओळख करून देण्यात मुंबईचाही हात आहे. ‘इन्व्हेस्टिगेटर’ हे समुद्र-पाहणीचे जहाज १८८१ मध्ये मुंबईच्या गोदीत बांधले गेले. १८८८ पासून काही वर्षे आल्कॉक नावाचे डॉक्टर त्यावर होते. अरबी समुद्रात आणि बंगालच्या उपसागरात खोल जाळी सोडून वर आलेल्या अनोळखी माशांची त्यांनी नोंद केली.

आपला दीन काय शिकवतो?

दिव्य कुरआनच्या सूरह नूरमध्ये खोल समुद्रातल्या अंधाराचा दाखला आहे. लाटेवर लाट, वर ढग, अंधारावर अंधार, इतका की स्वतःचा हातही दिसू नये. त्या अंधारात राहणारे जीवही अल्लाहचीच निर्मिती. मग त्यातला एक वर आला तर तो अपशकुन कसा?

प्रेषित हजरत मुहम्मद (स.) यांचे लहान पुत्र इब्राहीम वारले त्याच दिवशी सूर्यग्रहण लागले. लोक म्हणू लागले, त्याच्या मृत्यूमुळेच हे झाले. शोकात असतानाही प्रेषितांनी (स.) त्यांना थांबवले आणि समजावले की सूर्य-चंद्र या अल्लाहच्या निशाण्या आहेत, कोणाच्या जन्मामुळे वा मृत्यूमुळे त्यांना ग्रहण लागत नाही. कयामतची घडी फक्त अल्लाहला ठाऊक आहे, हे कुरआनने स्पष्ट सांगितले आहे. सूरह हुजुरातमध्ये आलेल्या बातमीची शहानिशा करण्याचा आदेश आहे. मग मेसेज पुढे ढकलणारे आपले बोट एवढे घाईत का असते?

नोव्हेंबर २०२३ मध्ये गणपतीपुळ्याच्या किनाऱ्याला देवमाशाचे पिल्लू लागले. देवमासा खोल पाण्यातला मासा नव्हे, तो हवेत श्वास घेणारा सस्तन प्राणी. तरी त्या दिवशी लोक कसे वागले ते लक्षात ठेवण्याजोगे आहे. गावकरी आणि सरकारी कर्मचारी दीड-दोन दिवस त्याच्यासाठी झटले. त्याच्या अंगावर पाणी ओतत राहिले आणि शेवटी त्याला खोल पाण्यात नेऊन सोडले. ते वाचले नाही. पण संकटातला जीव पाहून माणसांनी बादल्या उचलल्या.

त्या मुलीच्या अम्मीने तिला आता सांगितले आहे, “बेटा, तो मासा कयामतची खबर घेऊन आला नव्हता. तो आजारी असेल आणि घरापासून फार लांब आला होता.” मुलगी थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, “मग त्याला परत पाण्यात का नाही सोडलं?”