बोहारणीचा हिशेब

जुने कपडे देऊन त्यांच्या मोबदल्यात भांडी घेण्याची चाल आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली आहे. दुपारची कामे आटोपून गृहिणी जरा निवांत होते न होते, तोच डोक्यावर भांड्यांची टोपली आणि पाठीवर कपड्यांचे गाठोडे घेतलेली बोहारीण दारात हजर होते. एका पातेल्यासाठी आपण चार कपडे पुढे करतो, ती सहा मागते. आपण झाकण वर मागतो, ती एखादी साडी वर मागते. बराच वेळ घासाघीस होऊन सौदा एकदाचा पटतो. ती निघून गेल्यावर गृहिणीला वाटते की, आपण फसलो. जिना उतरताना बोहारणीलाही बहुधा तसेच वाटत असते!

आपल्याला नकोसे झालेले हे कपडे ती इतक्या अगत्याने का नेते आणि त्यांतून तिला काय मिळते, याचा विचार मात्र फारशी कुटुंबे करीत नाहीत. वापरलेली वस्तू स्वस्तात घ्यावी, तिची डागडुजी करावी, तिला योग्य गिऱ्हाईक शोधावे आणि मधल्या फरकावर प्रपंच चालवावा, हा एक स्वतंत्र व्यवसाय आहे. मुंबईच्या चोर बाजारातील जुन्या घड्याळांचा व्यापारी, पुण्याच्या जुन्या बाजारात हत्यारे मांडून बसणारा विक्रेता आणि कोलकात्याच्या कॉलेज स्ट्रीटवरील जुन्या पुस्तकांचा दुकानदार हे सर्व याच व्यवसायातले. आता तर शिकलेली तरुण मंडळीही जुने कपडे निवडून आणतात आणि मोबाईलवर त्यांची छायाचित्रे दाखवून विकतात. साधने बदलली, पण व्यवहाराचे तत्त्व तेच राहिले. ते समजून घ्यावयाचे तर आपल्या दारातील बोहारणीचा हिशेब पाहणे सर्वांत सोयीचे.

गाठोड्याचा प्रवास

बोहारणींपैकी बहुतेक जणी मूळच्या गुजरातमधील देवीपूजक समाजातल्या. अहमदाबाद, मुंबई, पुणे, दिल्ली अशा मोठ्या शहरांत ही कुटुंबे पोटापाण्यासाठी स्थायिक झाली. बायकांनी घरोघर फिरून कपडे गोळा करावेत आणि घरातल्या सर्वांनी मिळून ते विक्रीयोग्य करावेत, अशी कामाची वाटणी पुष्कळ घरांत आढळते. पूर्वी टोपलीत पितळेची भांडी असत. पुढे स्टेनलेस स्टीलची आली आणि आता त्यांच्या जोडीला प्लॅस्टिकच्या बादल्या व टोपही दिसतात.

गाठोडे घरी पोहोचले की खरे काम सुरू होते. प्रथम कपड्यांची निवड होते. पुरुषांच्या पँटी व शर्ट यांना मागणी अधिक, कारण कष्टकरी माणसाला कामावर घालण्यासाठी टिकाऊ कपडा कमी किमतीत हवा असतो. म्हणूनच बोहारीण साड्यांच्या ढिगापेक्षा साहेबांच्या पँटीवर आधी नजर टाकते. धडक्या साड्या पुन्हा नेसण्यासाठी विकल्या जातात. विरलेल्या सुती साड्यांना गोधड्या व वाकळा शिवणाऱ्यांकडे गिऱ्हाईक मिळते. खऱ्या जरीची साडी असेल तर तिची परीक्षा वेगळी, कारण तिच्या काठपदरातील चांदीलाही मोल असते. जे कशाच्याच उपयोगाचे नाही, त्याच्या चिंध्या होतात आणि यंत्रे पुसण्यासाठी त्या कारखान्यांत जातात. सुती चिंध्यांपासून कागदही होतो. दौलताबादजवळच्या कागझीपुऱ्यात हातकागदाची ही कला शतकानुशतके चालत आलेली आहे.

निवड झाली की धुणे, डाग काढणे, उसवलेली शिवण घालणे, बटणे लावणे, रफू करणे आणि इस्त्री फिरविणे ही कामे येतात. मग माल बाजारात जातो. दिल्लीच्या रघुवीरनगरमध्ये जुन्या कपड्यांचा असाच एक मोठा बाजार आहे. तो उजाडण्यापूर्वीच भरतो आणि शहरातील इतर दुकाने उघडण्याच्या सुमारास तेथील मुख्य उलाढाल आटोपलेली असते. रात्री दुरुस्त केलेले कपडे पहाटे विकावयाचे आणि दिवस वर आला की पुन्हा भांड्यांची टोपली उचलावयाची, असा या स्त्रियांचा दिनक्रम.

नफा कोठे असतो?

या धंद्यात नफा विक्रीच्या वेळी होतो असे वरवर पाहणाऱ्यास वाटते. वस्तुतः तो खरेदीच्या वेळीच ठरून गेलेला असतो. विक्रीचा भाव बाजाराच्या हाती, पण काय घ्यावे आणि किती देऊन घ्यावे हे मात्र आपल्या हाती. दारात उभ्या उभ्या शर्टाची कॉलर उलटून पाहणारी, पँटीचा गुडघा उजेडात धरणारी बोहारीण मनातल्या मनात प्रत्येक नगाचा भाव लावीत असते. त्या क्षणी तिची नजर चुकली तर पुढच्या कोणत्याही श्रमाने तो तोटा भरून निघत नाही.

केवळ उदाहरणादाखल आकडे घेऊ. तिने २०० रुपयांना विकत घेतलेले एक पातेले देऊन सहा कपडे घेतले. त्यांतल्या दोन पँटी प्रत्येकी ७० रुपयांस, दोन शर्ट प्रत्येकी ४० रुपयांस, एक साडी ६० रुपयांस आणि एक फाटकी चादर १० रुपयांस गेली असे धरले, तर एकूण २९० रुपये झाले. पातेल्याची किंमत वजा जाता ९० उरले. साबण, दोरा, बटणे यांना १५ आणि जाण्यायेण्याला २५ रुपये गेले. हाती राहिले ५०. फिरणे, निवडणे, धुणे, शिवणे आणि विकणे या सगळ्यांचा मोबदला या पन्नास रुपयांत आला. शिवाय एखादी पँट आठवडाभर पडून राहिली तर तेवढी रक्कम अडकून बसते ती वेगळीच.

विक्रीचे सगळे पैसे म्हणजे कमाई नव्हे, ही गोष्ट आपला करविषयक कायदाही मानतो. वस्तू व सेवा कराच्या नियमांनुसार वापरलेल्या वस्तूंचा नोंदणीकृत व्यापारी खरेदीवरील कराची वजावट घेत नसेल आणि वस्तूचे मूळ स्वरूप बदलत नसेल, तर त्याला खरेदी व विक्री यांच्या किमतींतील फरकावरच कर आकारता येतो. तोटा झाला असेल तर करासाठी त्या व्यवहाराचे मूल्य धरले जात नाही.

भांडवलाची अडचण

वरच्या हिशेबात एक बाब आपण मुद्दामच धरली नाही. पातेले घेण्यासाठी लागणारे २०० रुपये आले कोठून? गाठीशी पैसे नसतील तर ते सावकाराकडून येतात. रोजच्या बोलीवर शंभराला दहा रुपये व्याजाने ते घेतले आणि माल खपावयास दोन दिवस लागले असे समजा. व्याजाचे ४० रुपये झाले आणि पन्नासांतले दहाच रुपये तिच्या हाती राहिले! हीच रक्कम वर्षाला शेकडा १२ या दराने मिळाली असती, तर दोन दिवसांचे व्याज सुमारे १३ पैसे झाले असते. बोहारणीचे दारिद्र्य तिच्या आळसात किंवा अडाणीपणात नाही, ते या ४० रुपये व १३ पैसे यांच्यातील अंतरात आहे.

हे अंतर कमी करण्याचा एक मोठा प्रयत्न जुने कपडे विकणाऱ्या स्त्रियांच्याच पुढाकाराने झाला, ही गोष्ट प्रत्येक कुटुंबाने जाणून घेण्यासारखी आहे. अहमदाबादेत मजूर महाजन या गिरणी कामगारांच्या संघटनेत एक महिला विभाग होता आणि श्रीमती इला भट्ट त्याच्या प्रमुख होत्या. १९७१ साली या विभागाने जुने कपडे विकणाऱ्या स्त्रियांची एक सभा भरविली. सभेच्या अखेरीस त्यांच्यातीलच एका बाईने, आपली स्वतःची संघटना असावी, अशी सूचना मांडली. त्या सूचनेतून त्याच वर्षाच्या डिसेंबरात ‘सेवा’ ही स्वयंरोजगारी स्त्रियांची संघटना उभी राहिली. या स्त्रियांना कोणी मालक नाही, मग त्यांची कामगार संघटना कशी होणार, असा आक्षेप मजूर खात्याने प्रथम घेतला. तो दूर होऊन एप्रिल १९७२ मध्ये संघटनेची नोंदणी झाली.

पुढचा प्रश्न कर्जाचा होता. बँकांना या बायकांशी आणि या बायकांना बँकांशी व्यवहार करणे अवघड जात होते. तेव्हा आपण गरीब असलो तरी संख्येने पुष्कळ आहोत, मग आपलीच बँक का काढू नये, असा विचार एका सभेत पुढे आला. तो मांडणारी स्त्रीही जुन्या कपड्यांचीच विक्रेती होती. १९७४ साली सुमारे चार हजार स्त्रियांनी प्रत्येकी दहा रुपयांचा भाग घेऊन स्वतःची सहकारी बँक स्थापन केली. नोंदणीच्या कागदांवर सह्या करता याव्यात म्हणून लिहिता न येणाऱ्या सभासद रात्र जागून आपले नाव गिरविण्यास शिकल्या. ज्यांना सही येत नसे त्यांची ओळख पटावी यासाठी छायाचित्र लावण्याची पद्धत या बँकेने सुरू केली. इला भट्ट यांचे २०२२ साली निधन झाले, पण त्या स्त्रियांची बँक आजही चालू आहे.

बसावयास जागा

पैशाइतकीच निकड जागेची असते. जुना माल दुकानाचे भाडे सोसू शकत नाही. तो रस्त्याच्या कडेला, नदीकाठी किंवा आठवड्याच्या बाजारातच खपतो. अहमदाबादेतील साबरमतीच्या काठचा रविवारचा गुजरी बाजार याचे ठळक उदाहरण आहे. परंपरेने त्याचा आरंभ शहराचा संस्थापक अहमदशाह याच्या काळाशी जोडला जातो. नदीकाठाच्या सुशोभनाचे काम निघाले तेव्हा या बाजाराचे काय होणार, ही चिंता विक्रेत्यांना पडली. त्यांनी संघटितपणे न्यायालयात दाद मागितली आणि अखेर नदीकाठीच बाजारासाठी आखीव जागा झाली.

२०१४ साली संसदेने पथविक्रेत्यांच्या उपजीविकेच्या संरक्षणासाठी कायदा केला. त्यानुसार प्रत्येक शहरात पथविक्रेता समिती असावी, तिच्यात किमान ४० टक्के सभासद विक्रेत्यांनी निवडून दिलेले असावेत आणि त्यांत एक-तृतीयांश स्त्रिया असाव्यात. पन्नास वर्षांहून अधिक काळ भरत आलेले स्वाभाविक बाजार वारसा-बाजार म्हणून जाहीर करावेत व तेथील विक्रेत्यांना हलवू नये, अशीही तरतूद आहे. २०२० साली पथविक्रेत्यांसाठी तारणाशिवाय खेळत्या भांडवलाची स्वनिधी योजना केंद्र सरकारने आणली. आरंभी तिचा पहिला हप्ता १०,००० रुपयांपर्यंत होता. कायदे व योजना झाल्या तरी विक्रेत्याजवळ प्रमाणपत्र नसेल तर त्यांचा लाभ दुरापास्त होतो. म्हणून आपल्या ओळखीच्या बोहारणीजवळ ते आहे काय, याची विचारपूस करणे हेही एक समाजकार्यच होय.

धंदा करू इच्छिणाऱ्यांस

घरबसल्या चार पैसे मिळावेत म्हणून जुन्या वस्तूंची खरेदी-विक्री करण्याचा विचार आज अनेक कुटुंबांत होतो. त्यांना बोहारणीपासून पुष्कळ शिकता येईल. ज्या वस्तूची पारख आपल्याला आहे तिच्यापासूनच आरंभ करावा. ज्याला पुस्तके कळतात त्याने पुस्तके घ्यावीत, शिवणकाम येते तिने कपडे. गिऱ्हाईक कोण हे ठरविल्याशिवाय वस्तू घेऊ नये. स्वस्त मिळाली एवढ्याच कारणाने घेतलेली वस्तू घरात अडगळ होते. दुरुस्तीचा खर्च खरेदीपूर्वीच मनाशी मांडावा. विकताना वस्तूतील दोष लपवू नये, कारण या व्यवसायात पुन्हा येणारे गिऱ्हाईक हेच खरे भांडवल. धंद्याचा पैसा घरखर्चात मिसळू नये.

आणखी एक सावधगिरी आवश्यक आहे. अवाच्या सवा स्वस्त मिळणारी सायकल वा मोबाईल चोरीचा असू शकतो. चोरीचा माल आहे हे ठाऊक असताना किंवा तसे मानण्यास सबळ कारण असताना अप्रामाणिकपणे तो घेणे भारतीय न्याय संहितेनुसार गुन्हा आहे. यास्तव किमती वस्तू पावतीशिवाय घेऊ नये.

गृहिणीच्या हाती

बोहारणीशी भाव करू नये असे कोणी म्हणणार नाही. भाव करणे हा दोघींचाही हक्क आहे आणि पुष्कळ घरांत ती एक करमणूकही आहे. तथापि कपडे देताना ते धुऊन द्यावेत, तुटलेली बटणे सापडली तर सोबत बांधून द्यावीत आणि चांगल्या कपड्यांत फाटके लपवू नयेत. आपल्याला यासाठी एक पैचाही खर्च नाही. तिची मात्र एका रात्रीची मेहनत वाचते. उन्हातून आलेल्या बाईला तांब्याभर पाणी विचारावे, हे तर आपल्या घरांत कोणी सांगावे लागत नाही.

पुढच्या वेळी सहावा कपडा द्यावा की न द्यावा, असा प्रश्न पडेल तेव्हा त्या पन्नास रुपयांचा हिशेब आठवावा. आपल्या कपाटातला तो कपडा केवळ जागा अडवितो. तिच्या गाठोड्यात पडला तर धुऊन, शिवून, इस्त्री होऊन तो कोणा मजुराच्या अंगावर पुन्हा एखादे वर्ष निघतो, आणि तिच्या घरची चूलही त्यावर पेटते.