ढगांवरचं शहर, खाणीतला वायू

‘स्टार ट्रेक’च्या पहिल्या मालिकेचे एकूण ७९ भाग. त्यांतल्या तिसऱ्या पर्वाचे २४ भाग बहुतेक रसिक नाक मुरडतच बघतात. कारणं उघड आहेत. १९६८ साली एनबीसी वाहिनीने मालिका शुक्रवारी रात्री दहाला ढकलली, खर्चाला कात्री लावली. मालिकेचे जनक जीन रॉडनबेरी रोजच्या कामातून बाजूला झाले आणि सूत्रं फ्रेड फ्रायबर्गर यांच्या हाती गेली. त्यात पर्वाची सुरुवात झाली ‘स्पॉक्स ब्रेन’ने. यानावरचा अधिकारी स्पॉक, त्याचा मेंदू कुणीतरी पळवतं आणि सहकारी त्याचं शरीर यंत्राने चालवत मेंदू शोधत फिरतात! पर्वावर बसलेला शिक्का तेव्हापासूनचा.

हा शिक्का सरसकट आहे आणि मला तो मान्य नाही. ‘द थोलियन वेब’ किंवा ‘द एंटरप्राइज इन्सिडेंट’ हे भाग कुठल्याही पर्वात शोभले असते. ‘द वे टू ईडन’चा बचाव मात्र मी करणार नाही. मला लिहायचं आहे ते या दोन टोकांच्या मधल्या भागांबद्दल, ज्यांना ‘बरा आहे’ म्हणून लोक पुढे जातात. त्यांत माझ्या मते सगळ्यांत महत्त्वाचा भाग ‘द क्लाउड माइंडर्स’. प्रक्षेपण २८ फेब्रुवारी १९६९, दिग्दर्शक जड टेलर, पटकथा मार्गारेट आर्मेन यांची, कथा डेव्हिड गेरोल्ड आणि ऑलिव्हर क्रॉफर्ड यांची.

आपल्याकडे ही मालिका ऐंशीच्या दशकात दूरदर्शनवर आली. पुढे ‘स्पेस सिटी सिग्मा’ आणि ‘इंद्रधनुष’ आल्या, नंतर ‘कॅप्टन व्योम’. पण मराठी वाचकाच्या हाती विज्ञानकथेचं माप त्याआधीच आलेलं होतं. जयंत नारळीकरांनी १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेत टोपणनावाने कथा पाठवली आणि बक्षीस मिळवलं, तेव्हापासून इथे चर्चा होत आली ती याच मापाने: कथेतलं विज्ञान काढून घेतलं तर कथा उभी राहते का? राहिली, तर ते विज्ञान नुसती वेलबुट्टी. हे माप ‘क्लाउड माइंडर्स’ला लावलं की गंमत अशी होते, की भाग त्यात उत्तम उतरतो आणि तरीही फसलेला असतो.

कथा थोडक्यात सांगतो. एका ग्रहावर वनस्पतींचा रोग पसरला आहे, त्यावर उपाय झेनाइट नावाचं खनिज. ते मिळतं अर्डाना ग्रहावर. अर्डानाचे राज्यकर्ते आणि कलावंत स्ट्रॅटॉस या ढगांत तरंगणाऱ्या शहरात राहतात. खाली खाणीत राबणाऱ्यांना ते ट्रॉग्लाइट म्हणतात आणि जन्मजात मंद, हिंसक समजतात. कामगारांनी बंड केलेलं आहे, खनिज अडवून धरलेलं आहे. मग ते न्यायला आलेल्या यानाचा डॉक्टर मॅकॉय शोधून काढतो की कच्च्या झेनाइटमधून एक वायू सुटतो. तो दिसत नाही, त्याला वास नाही. त्याने बुद्धी मंदावते आणि राग भडकतो. खनिज शुद्ध झालं की वायू नाहीसा, त्यामुळे वरच्या शहराला त्याचा पत्ताच नाही. उपाय काय, तर तोंडाला गाळणीचे मुखवटे.

सांगली जिल्ह्यातल्या विट्याच्या माणसाला ही गोष्ट परग्रहावरची वाटत नाही. खानापूर, आटपाडी आणि शेजारच्या माण-खटाव भागांतली माणसं पिढ्यान्‌पिढ्या गलाईच्या, म्हणजे सोनं-चांदी गाळून शुद्ध करण्याच्या धंद्यासाठी देशभर गेली. हे काम कसं चालतं ते जवळून बघितलं पाहिजे. जुनं मोडीचं सोनं मुशीत वितळवायचं, एक भाग सोन्याला साधारण तीन भाग चांदी मिसळायची, त्याचा पातळ चुरा करून तेजाबात उकळायचा. चांदी आणि तांबं विरघळतं आणि भांड्यातून विटकरी रंगाचा धूर उसळतो. तळाशी उरते तपकिरी भुकटी. कुणाला ती सोनं वाटणारही नाही. ती धुऊन, टाकणखार घालून पुन्हा मुशीत वितळवली की पिवळं धमक सोनं. तो विटकरी धूर म्हणजे नायट्रोजन डायऑक्साइड. छातीत गेला तर त्याचा त्रास कधी कधी काही तासांनी सुरू होतो, माणूस काम आटपून घरी गेल्यावर. आणि ती लगड पेढीत पोचते तेव्हा तिच्यावर धुराची खूण नसते.

खनिज शुद्ध झालं की वायू उरत नाही, ही कल्पना म्हणूनच मला फार मोठी वाटते. वैभव वर आणि दुखणं खाली, असं का राहतं याचं ते नेमकं वैज्ञानिक उत्तर आहे. वेल्सच्या ‘टाइम मशीन’मध्ये (१८९५) आणि ‘मेट्रोपोलिस’मध्ये (१९२७) वरचे आणि खालचे आहेतच, पण त्या दोन थरांमधला पडदा एका पदार्थाच्या गुणधर्मात सापडतो तो इथे.

मग फसलं कुठे? गेरोल्ड यांना वायू आणि मुखवट्यांवर येऊन थांबणारा शेवट पटला नव्हता. त्यांना कथा समाजव्यवस्थेबद्दल हवी होती. त्यांचा राग मला समजतो, पण पूर्ण पटत नाही. मुखवटा ही किरकोळ गोष्ट नाही. कोंदट खोलीत तेजाब उकळणाऱ्याला विचारा. चूक मुखवट्यात नाही, वायू कुठे काम करतो त्यात आहे. लेखकांनी तो मेंदूवर सोडला. त्यामुळे कामगारांचा संताप हे आजाराचं लक्षण ठरलं आणि वरच्यांचं ‘ही माणसं मंदच आहेत’ हे म्हणणं अर्धंअधिक खरं ठरलं. हाच वायू फुप्फुसांवर सोडला असता, तर कामगार शहाणेच राहिले असते, त्यांचा राग न्याय्य राहिला असता आणि मुखवटा हा त्यांचा हक्क झाला असता. एका अवयवाच्या निवडीने कथा घसरली.

बाकीचे दोष याच्यापुढे लहान आहेत. स्पॉक राज्यकर्त्याच्या मुलीवर, ड्रॉक्सीनवर, लुब्ध होऊन मनातल्या मनात भाषणं करतो, आणि ‘अमोक टाइम’ या आधीच्या भागात जी खासगी गोष्ट तो जिवलग मित्रालाही सांगायला कचरला, ती इथे नुकत्याच भेटलेल्या तिला सांगून टाकतो. हे वाईटच लिहिलेलं आहे.

पण तीन गोष्टी मी कुणालाही पुन्हा बघायला सांगेन. पहिली, चौकशी टाळण्यासाठी सज्ज्यावरून ढगांत उडी घेणारा कामगार. दुसरी, राज्यकर्ता प्लासस यंत्राने छळ करून व्हाना या बंडखोर कामगार स्त्रीकडून इतर बंडखोरांची नावं काढू बघतो तो प्रसंग. प्लाससची भूमिका जेफ कोरी यांची. १९५१ साली अमेरिकी काँग्रेसच्या समितीपुढे त्यांनी स्वतः सहकाऱ्यांची नावं सांगायला नकार दिला होता आणि त्यापायी बरीच वर्षं त्यांना पडद्यावर काम मिळालं नाही. हे माहीत असलं की त्यांचा थंड, सभ्य आवाज अंगावर येतो. तिसरी, खाणीत कोंडला गेलेला प्लासस स्वतःच्या हातांनी दगड उकरतो आणि त्याच वायूने त्याचीही विवेकबुद्धी जाते. या एका प्रसंगात भाग आपली चूक जवळजवळ दुरुस्त करतो: मंदपणा रक्तात नव्हता, जागेत होता.

तिसऱ्या पर्वात मी या भागाला वरच्या सहांत धरतो, ‘लेट दॅट बी युवर लास्ट बॅटलफील्ड’च्या वर, कारण तिथे वर्णद्वेषाचं रूपक चेहऱ्यावर रंगवून दाखवलेलं आहे आणि इथे ते कामातून उलगडतं. शेवटी झेनाइट आणि मुखवटे यांची अदलाबदल होते, प्लासस कुरकुरतो आणि व्हाना त्याला ठणकावते की मागण्या आता कुठे सुरू झाल्या आहेत. पटकथेने त्या मागण्या ऐकून घ्यायला आणखी पाच मिनिटं द्यायला हवी होती.