खारेपाटातले मीठ आणि मातीवाचून रोपे

मार्च महिन्यात पेण-अलिबागकडील खारेपाटातून चालत गेलात, तर भाताच्या रिकाम्या खाचरांवर पांढरी साय धरलेली दिसेल. ते मीठ. हे वर कसे आले? दिव्याच्या वातीत तेल चढते, तसे मातीच्या बारीक छिद्रांतून खालचे खारे पाणी केशाकर्षणाने वर चढते. उन्हाने पाणी उडून जाते, मीठ मागे राहते. पावसाळ्यात ते धुऊन जाते, म्हणून तेथे भात पिकतो. मात्र उधाणाच्या भरतीने बांधाला खांड पडली, की समुद्र शेतात शिरतो आणि ओल्याचिंब जमिनीत रोप तहानेने मरते!

याचे कारण तर्षण. मुळाच्या पातळ पापुद्र्यातून पाणी कमी क्षारांकडून जास्त क्षारांकडे जाते. बाहेरचे पाणी मुळातील रसाहून खारट झाले, तर हा ओघ उलटतो. बटाट्याची चकती मिठाच्या दाट पाण्यात दोन तास ठेवा. ती लिबलिबीत होते.

मग मातीच नको म्हटले तर? जर्मन शास्त्रज्ञ यूलिउस फोन झाक्स यांनी 1860 च्या सुमारास नुसत्या क्षारद्रावणात रोपे वाढविली. माती रोपाला आधार देते आणि नत्र, स्फुरद, पालाश वगैरे पुरविते. आधाराचे काम आपल्याकडे नारळाच्या काथ्याचा भुसा करील. सोडणे खाडीत कुजवलेली असतील, तर तो आधी गोड्या पाण्याने नीट धुवावा. बाकीचे काम द्रावणाचे. समुद्राच्या एक लिटर पाण्यात सुमारे 35 ग्रॅम क्षार असतात. या द्रावणात एक-दोन ग्रॅम पुरतात.

यावर भात पिकवावा असे मात्र मी म्हणणार नाही. एवढ्या क्षेत्राला द्रावण आणि टाक्या परवडणार नाहीत. भातासाठी पनवेलच्या खार जमीन संशोधन केंद्राने काढलेल्या, क्षार सोसणाऱ्या जातीच बऱ्या. पालक, पुदिना अशा भाज्यांची गोष्ट वेगळी. तेच पाणी फिरवून वापरता येते, आणि उन्हाळ्यात खारेपाटात गोड्या पाण्याचीच वानवा असते. पावसाचे पागोळ्यांचे पाणी साठविले, तर ते येथे कामी येईल.

मुळांना हवाही लागते. एक लिटर पाण्यात जेमतेम 7-8 मिलिग्रॅम ऑक्सिजन विरघळतो. म्हणून मोठ्या टाक्यांत पंपाने हवा सोडतात. वीज गेली की पंचाईत. मी घरी पुदिन्याची बरणी गळ्यापर्यंत भरली होती. आठवड्याभरात मुळे तपकिरी पडली. दुसरी चार बोटे रिकामी ठेवली. तिच्यातली मुळे पांढरीशुभ्र राहिली.