राहून गेलेली एक ओळ



दहा नाण्यांपैकी एक नाणे हरवले म्हणून दिवा लावून सारे घर झाडून काढणाऱ्या स्त्रीचा दृष्टांत आपण सर्वांनी ऐकला आहे. नऊ नाणी हाती असताना एकासाठी एवढा खटाटोप कशाला, असा प्रश्न वर्गात दरवर्षी कोणीतरी विचारतोच. गेल्या वर्षी त्याचे उत्तर मला जामसरकडील एका घरातील पत्र्याच्या पेटीत सापडले.

शाळेच्या इतिहास-प्रदर्शनासाठी एका विद्यार्थ्याने आपल्या आजोबांची पदके आणली होती. आजोबा पायदळातून हवालदार होऊन निवृत्त झालेले. पदके चार होती व त्यांच्यासोबत डिस्चार्ज बुक होते. पदकांखाली लावावयाच्या चिठ्ठ्या लिहिताना मी ते पुस्तक वाचू लागलो. हवालदारसाहेब 1971 च्या युद्धात पूर्व आघाडीवर होते असे सेवेच्या तपशिलावरून दिसत होते; परंतु त्या आघाडीवरील सैनिकांस मिळालेला 'पूर्वी स्टार' ना पुस्तकात लिहिलेला होता, ना पेटीत होता. मी त्यांच्या घरी जाऊन विचारले, तेव्हा ते शांतपणे म्हणाले, "मास्तर, तेव्हा मी इस्पितळात पडलो होतो. पुढे पलटणीतल्यांची नावे गेली, त्यात माझे राहिले. आता त्याला किती वर्षे झाली!"

ज्याचे कोणालाच काही वाटत नव्हते असे हे राहणे मला मात्र स्वस्थ बसू देईना. या निमित्ताने जी माहिती मिळवावी लागली, ती अशा प्रत्येक घरास उपयोगी पडेल असे वाटल्यावरून येथे देत आहे.

प्रथम पदकांचे दोन प्रकार नीट ध्यानात घेतले पाहिजेत. पहिला प्रकार शौर्यपदकांचा. परमवीर चक्र, महावीर चक्र, वीर चक्र ही त्यांतील प्रमुख होत. ती वरिष्ठांच्या शिफारशीवरून, कृत्य पारखून दिली जातात व भारताच्या राजपत्रात प्रसिद्ध होतात. ती कोणी मागून मिळत नाहीत, आणि मागूही नयेत. दुसरा प्रकार सेवापदकांचा. अमुक काळात अमुक क्षेत्रात जो कर्तव्यावर होता, त्या प्रत्येकाचा त्यावर सारखाच हक्क असतो. 1965 च्या युद्धक्षेत्रातील सेवेसाठी 'समर सेवा स्टार'. 1971 साठी 'पूर्वी स्टार', 'पश्चिमी स्टार' व 'संग्राम मेडल'. दुर्गम भागातील सेवेसाठी 'सैन्य सेवा मेडल'. 9 व 20 वर्षांच्या सेवेची दीर्घ सेवा पदके, ही सारी या प्रकारची. येथे प्रश्न कौतुकाचा नसून केवळ वस्तुस्थितीचा असतो: मनुष्य त्या ठिकाणी होता की नव्हता? होता, तर पदक त्याचे आहे. सबब अशी नोंद राहून गेली असेल, तर ती दुरुस्त करून मागणे ही याचना नव्हे.

मग नोंद राहते कशी? पुष्कळ पदके घटना घडून गेल्यावर निर्माण होतात. आपले परमवीर चक्रच पाहा. ते 26 जानेवारी 1950 रोजी स्थापन झाले, परंतु 15 ऑगस्ट 1947 पासूनच्या पराक्रमास लागू करण्यात आले. म्हणूनच कारवारकडील बॉम्बे सॅपर्सचे अधिकारी रामा राघोबा राणे यांना एप्रिल 1948 मध्ये नौशेरा-राजौरीच्या मार्गावर केलेल्या कामगिरीबद्दल ते 1950 मध्ये मिळू शकले. सेवापदकांचीही गोष्ट अशीच. पदक जाहीर झाल्यावर प्रत्येक पलटण आपल्या माणसांच्या याद्या करते. त्या मंजूर झाल्या म्हणजे 'पार्ट टू ऑर्डर' निघते, आणि तिच्या आधारे सैनिकाच्या सेवापत्रकात एक ओळ लिहिली जाते. मध्यंतरी जो इस्पितळात गेला, दुसऱ्या पलटणीत बदलला किंवा घरी परतला, त्याचे नाव घालावयाचे कोणी, या घोळात ते सुटते. कधी क्रमांकातील एक अंक चुकतो. कधी एकाच नावाचे दोघे असतात, आणि एकाची ओळ दुसऱ्याच्या पानावर जाते.

याखेरीज कागद नष्ट होण्याचा धोका असतोच. सप्टेंबर 1940 मध्ये लंडनवर झालेल्या बाँबहल्ल्यात पहिल्या महायुद्धातील ब्रिटिश शिपायांची निम्म्याहून अधिक सेवापत्रके जळाली. अमेरिकेत सेंट लुई येथील अभिलेखागारास 12 जुलै 1973 रोजी लागलेल्या आगीत सुमारे 1 कोटी 60 लक्ष ते 1 कोटी 80 लक्ष सैनिकांचे कागद गेले. तरीही वेतनपत्रके, इस्पितळातील नोंदी, पदकांच्या याद्या व घरोघरी जपलेले कागद जुळवून त्यांतील कित्येकांचे वृत्तांत पुन्हा उभे करण्यात आले. आपल्याकडेही ज्यांस निवृत्तिवेतन नाही अशा जवानांची सेवापत्रके सामान्यतः 25 वर्षांनी नष्ट करण्याचा नियम आहे. 'लाँग रोल' नावाची मुख्य नोंदवही मात्र जपली जाते. घरातील एक जीर्ण चिठ्ठी कार्यालयातील जाड फाइलइतकीच मोलाची ठरू शकते, ती यामुळेच.

एक ओळ राहिली तर काय बिघडले, असे ज्यांस वाटते त्यांनी बसऱ्याचे स्मारक आठवावे. पहिल्या महायुद्धात इराकमध्ये, तेव्हाच्या मेसोपोटेमियात, सहावी पुणे डिव्हिजन लढली. डिसेंबर 1915 ते एप्रिल 1916 या काळात कूतच्या वेढ्यात तिच्यासोबत 103, 110 व 117 या मराठा पलटणी अडकल्या होत्या. ज्यांची थडगी सापडली नाहीत अशा 40,000 हून अधिक वीरांसाठी पुढे बसऱ्यास स्मारक झाले. त्यावर ब्रिटिश शिपायांची नावे कोरली. हिंदी अधिकाऱ्यांचीही कोरली. परंतु साध्या हिंदी शिपायांचा प्रत्येक पलटणीगणिक केवळ आकडा कोरण्यात आला. एप्रिल 2021 मध्ये कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनने नेमलेल्या समितीने असा भेदभाव झाल्याचे अहवालात मान्य केले, आणि ब्रिटनच्या संरक्षणमंत्र्यांनी पार्लमेंटात क्षमा मागितली. राहून गेलेल्या नावाची चूक कबूल होण्यास शंभर वर्षे लागली. तोवर त्या शिपायांची मुलेही जग सोडून गेली होती.

आता दुरुस्तीची रीत सांगतो. सैनिकाचे मूळ सेवापत्रक त्याच्या रेजिमेंटच्या अभिलेख कार्यालयात असते. मराठा लाइट इन्फन्ट्रीचे ते बेळगावास, महार रेजिमेंटचे सागर येथे, बॉम्बे सॅपर्सचे पुण्याजवळ खडकीस, तर तोफखान्याचे नाशिक रोडला आहे. अर्ज तेथेच जावयाचा असतो. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयामार्फतही तो पाठविता येतो व मसुदा करण्यास तेथे साह्य मिळते. अर्जात प्रथम सैनिक क्रमांक, हुद्दा व नाव लिहावे. नाव आज आपण लिहितो तसे नव्हे, तर डिस्चार्ज बुकात आहे तसे लिहावे. त्यापुढे पदकाचे नाव, त्या काळातील पलटण, ठिकाण व तारखा द्याव्यात. सोबत डिस्चार्ज बुक व निवृत्तिवेतनाचा आदेश यांच्या साक्षांकित प्रती जोडाव्यात, आणि त्या काळचा जो कागद असेल तो जोडावा: इस्पितळाची चिठ्ठी, बदलीचा हुकूम, आघाडीवरून आलेले पत्र. पन्नास वर्षांनंतरच्या दहा साक्षींहून त्या दिवशी लिहिलेली एक ओळ अधिक बोलते. मूळ कागद मात्र कधीही हातचा सोडू नये. अर्ज स्पीड पोस्टाने पाठवून पावती जपावी.

आमच्या भागात एक विशेष अडचण येते. जव्हार हे 1948 पर्यंत संस्थान होते. मग आपला तालुका ठाणे जिल्ह्यात गेला. 1 ऑगस्ट 2014 पासून आपण पालघर जिल्ह्यात आहोत. त्यामुळे जुन्या कागदावर एक जिल्हा व आजच्या ओळखपत्रावर दुसरा, असे होते. हवालदारसाहेबांचा पहिला अर्ज याच कारणाने परत आला. हा बदल अर्जातच एका वाक्यात स्पष्ट करावा, हा धडा मी त्यावरून घेतला.

उत्तर न आल्यास माहितीचा अधिकार अधिनियम, 2005 अन्वये 10 रुपये शुल्क भरून आपल्याच सेवापत्रकातील नोंदींची प्रत मागता येते. सामान्यतः 30 दिवसांत उत्तर देणे कार्यालयावर बंधनकारक आहे. त्याउपर हक्क नाकारला गेला, तर 2007 च्या कायद्याने सशस्त्र दल न्यायाधिकरण स्थापन झाले असून त्याचे एक पीठ मुंबईस आहे. सैनिक हयात नसल्यास पत्नी किंवा जवळचा वारस आपले नाते सिद्ध करून अर्ज करू शकतो. पदके बाजारातही विकत मिळतात. परंतु बाजारच्या पदकाने सेवापत्रकातील ओळ भरून निघत नाही.

हवालदारसाहेबांचा दुसरा अर्ज लिहिताना एक प्रसंग घडला, तो सांगितल्यावाचून हा लेख पुरा होणार नाही. शत्रूच्या प्रत्यक्ष माऱ्यात जखमी झालेल्यास 'पराक्रम पदक' मिळते हे मी वाचून दाखविले. नातू उत्साहाने म्हणाला, "आजोबा, तुम्ही तर लढाईत जखमी होऊन इस्पितळात गेला होता. तेही लिहू या." म्हाताऱ्याने पायावरचा व्रण दाखविला व मान हलविली. "मला गोळी लागली नाही, पोरा. रात्री अंधारात लष्करी गाडी खड्ड्यात गेली आणि मी खाली फेकला गेलो. ज्यांना गोळी लागली ते माझ्या शेजारच्या खाटेवर होते. त्यांचे पदक मला नको. मी तिथे होतो एवढेच लिहा, मास्तर." आम्ही तेवढेच लिहिले.

अकरा महिन्यांनी उत्तर आले. गाडीच्या त्या अपघाताचीच नोंद इस्पितळाच्या कागदांत निघाली होती, आणि ते त्या दिवशी पूर्व आघाडीवर होते हे तिच्यावरूनच सिद्ध झाले. गोळीची कथा रचली असती, तर त्याच कागदाने सारा अर्ज खोटा पाडला असता. पूर्वी स्टारची नोंद सेवापत्रकात झाल्याचे पत्र नातवाने मोठ्याने वाचले. या पदकाबरोबर मासिक भत्ता नाही, जमीन नाही. हवालदारसाहेबांनी ते पत्र हाती घेतले, आपल्या सैनिक क्रमांकावरून बोट फिरविले, आणि घडी घालून पेटीत ठेविले.

बालमित्रांनो, तुमच्या घरी किंवा पाड्यावर असा कोणी वृद्ध जवान असेल, तर या सुटीत त्याच्याजवळ बसा. पेटी उघडावयास सांगा. तो बोलेल ते तारखेसह वहीत उतरवून घ्या, आणि ते डिस्चार्ज बुकाशी ताडून पाहा. जे त्याचे आहे ते राहिले असेल, तर मिळवून द्या. जे त्याचे नाही, त्याची एक ओळही वाढवू नका. मात्र विलंब करू नका; कागद थांबतील, माणसे थांबत नाहीत. त्या स्त्रीने दिवा लावला तो नाणे अजून घरातच होते म्हणून.