ज्वारीची बिअर अडते दहा अंशांवर

आफ्रिकेत ज्वारीची लापशी होते, तशी बिअरही होते. दक्षिण आफ्रिकेतली ‘उमकोंबोती’ आणि बुर्किना फासोतली ‘डोलो’ ही पिढ्यान्‌पिढ्या बायकांच्या हातून होत आलेली पेयं आहेत. ज्वारीचं माहेर आफ्रिकाच. सुमारे चार हजार वर्षांपूर्वी ती भारतात आली आणि पुढे दख्खनच्या काळ्या रानात रुजली. सोलापूरकरांनी तिची कडक भाकरी केली, हुरडा केला, आंबील केली. बिअर म्हटली की मात्र बार्लीच डोळ्यांसमोर येते. मग भौगोलिक मानांकन मिळालेल्या मंगळवेढ्याच्या ज्वारीची, मोहोळच्या संशोधन केंद्रात निवडलेल्या मालदांडी ३५-१ची क्राफ्ट बिअर होईल का? होईल, पण तिच्यासाठी बार्लीची रीत जशीच्या तशी चालणार नाही.

बिअरची पहिली पायरी म्हणजे धान्याला मोड आणणं. नाचणीसत्त्वासाठी आपण नाचणी भिजवून, फडक्यात बांधून, मोड आले की वाळवतो. माल्ट म्हणतात ते हेच. बार्लीला मोड यायला गारवा लागतो. ज्वारी २५ ते ३० अंश सेल्सिअसला खुशाल मोडावते. मोड येताना दाण्यात अमायलेज विकरं तयार होतात आणि पिठूळ स्टार्चची साखर करू लागतात. स्टार्चची साखळी उसासारखी धरा. अल्फा-अमायलेज तो मधेच कुठेही तोडतं, तर बीटा-अमायलेज टोकाकडून दोन-दोन कांडी सोडवत जातं. यीस्टला आवडणारी माल्टोज साखर मुख्यतः या दुसऱ्या विकरामुळे मिळते. बार्लीत ते भरपूर असतं, ज्वारीत फार थोडं.

खरी अडचण तापमानाची. पाण्यात शिजून स्टार्चचे कण फुगल्याशिवाय विकरांना आत शिरता येत नाही. बार्लीचा स्टार्च साठ अंशांच्या आसपास फुगतो आणि त्या उष्णतेत विकरं तग धरतात. ज्वारीच्या स्टार्चला सत्तर अंश किंवा त्याहून जास्त लागतात. तिथवर पोचेतो बीटा-अमायलेज निकामी झालेलं असतं. साधारण दहा अंशांचा हा फरक.

पश्चिम आफ्रिकेतल्या बायकांनी प्रयोगशाळेशिवाय त्यावर तोड काढली. मोडाचं पीठ कोमट पाण्यात कालवून तसंच ठेवायचं. गाळ खाली बसला की वरची निवळ बाजूला काढायची. विकरं त्या निवळीत उतरलेली असतात. खालचा गाळ चांगला उकळायचा, थोडा निवू द्यायचा आणि मग निवळ त्यात परत ओतायची. स्टार्च शिजतो, विकरंही वाचतात. ज्वारीच्या दाण्याला बार्लीसारखं टरफल नसल्यामुळे गाळणंही जड जातं. त्यासाठी तिकडे काही ठिकाणी भेंडीसारख्या वनस्पतींचा चिकट रस घालून गढूळपणा खाली बसवतात.

तिथल्या कित्येक ज्वारी-बिअर आधी आंबतात, मग त्यांच्यात अल्कोहोल तयार होतं. यातला पहिला टप्पा सोलापूरच्या घरांत रोजचा आहे. ताकात कालवलेलं ज्वारीचं पीठ रात्रभर झाकून ठेवलं की लॅक्टिक आम्ल करणारे जिवाणू कामाला लागतात. सकाळी ते उकळत्या पाण्यात शिजवून, मीठ, जिरं, लसूण घातलं की आंबील तयार. उमकोंबोतीचा आंबटपणाही अशाच जिवाणूंचा. फरक इतकाच की तिथे पुढे यीस्ट साखर खाऊन अल्कोहोल आणि कार्बन डायऑक्साइड करतं. आंबिलीवर वाढलेल्या जिभेला ही चव परकी वाटणार नाही.

एक इशारा मात्र ध्यानात ठेवायला हवा. ज्वारीच्या कोंबात आणि मुळ्यांत धुरिन नावाचं द्रव्य असतं. त्यातून सायनाइड सुटतं. कोवळ्या ज्वारीत शिरलेलं जनावर दगावतं ते यामुळेच. म्हणून मोड वाळवल्यावर कोंब आणि मुळ्या चोळून काढून टाकाव्या लागतात.

मोठ्या प्रमाणावर हे जमतं का, याचं उत्तर नायजेरियानं दिलं आहे. १९८८मध्ये तिथे बार्ली माल्टच्या आयातीवर बंदी आली आणि मोठमोठ्या कंपन्या ज्वारीकडे वळल्या. विकरांची कमतरता त्यांनी बाहेरून विकरं घालून भरून काढली. आपल्याकडे पुण्यात २००९मध्ये ‘डूलाली’ ही छोटी ब्रुअरी सुरू झाली, तेव्हापासून महाराष्ट्रात क्राफ्ट बिअर रुजत गेली आहे.

घरी बिअर करण्याची हौस परदेशात मोठी आहे, पण महाराष्ट्रात १९४९च्या दारूबंदी कायद्यानुसार परवान्याशिवाय मद्य तयार करता येत नाही आणि बिअर पिण्यासाठीही वयाची २१ वर्षं पूर्ण असावी लागतात. त्यामुळे हा प्रयोग परवानाधारक ब्रुअरीनंच करायला हवा. घरी आंबवण्याची हौस आंबिलीवर भागवावी. पिठाचं प्रमाण, आंबवण्याचे तास, ऋतू बदलून चव कशी पालटते ते पाहण्यातही पुष्कळ विज्ञान आहे.

मालदांडीचा पांढरा, मोत्यासारखा दाणा या कामाला साजेसा आहे, कारण काही लाल वाणांतलं टॅनिन विकरांना अडवतं आणि पांढऱ्या दाण्यात ते कमी असतं. रब्बी ज्वारीवर काम करणारं केंद्र सोलापुरातच आहे. तिथल्या शास्त्रज्ञांनी आणि पुण्यातल्या बिअर करणाऱ्यांनी एकत्र बसून कोणत्या वाणाच्या मोडात विकरं जास्त तयार होतात हे तपासलं, तर कोरडवाहू शेतकऱ्याच्या शाळूला चांगला भाव देणारं आणखी एक गिऱ्हाईक मिळू शकेल.