बिलात गिऱ्हाईक कसं ठेवायचं? एका क्लासमध्ये दुसऱ्या क्लासचं ऑब्जेक्ट

दुकानाचं बिलिंग स्वतः पायथॉनमध्ये बनवताय, तर हा प्रश्न येणारच: 'ग्राहक' क्लास आधीच बनवलाय, मग 'बिल' क्लासमध्ये नाव, फोन पुन्हा लिहायचे का?

नाही. क्लास म्हणजे कोरा फॉर्म, ऑब्जेक्ट म्हणजे भरलेला फॉर्म आणि ॲट्रिब्यूट म्हणजे त्यातला एक रकाना. या रकान्यात फक्त नाव किंवा आकडाच नाही, तर अख्खं दुसरं ऑब्जेक्टही बसतं. याला कॉम्पोझिशन म्हणतात. 'बिलाला ग्राहक असतो' असं म्हणता आलं, की कॉम्पोझिशन. 'घाऊक ग्राहक हासुद्धा ग्राहकच' असं असेल तर ते इनहेरिटन्स.

बिल बनवताना ग्राहकाचं ऑब्जेक्ट आत घ्या आणि एक ओळ लिहा:

सेल्फ.ग्राहक = ग्राहक

आता उधारीसाठी फोन करायचाय? बिल.ग्राहक.फोन. टिंबं डावीकडून वाचा: बिलातला ग्राहक, त्या ग्राहकाचा फोन.

लक्षात घ्या, बिलात ग्राहकाची झेरॉक्स जात नाही, तेच ऑब्जेक्ट जोडलं जातं. नंबर एकदा बदलला की त्याच्या सगळ्या बिलांत नवाच दिसतो. हा फायदा.

पण हाच फायदा दराच्या बाबतीत अंगाशी येतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून टूथपेस्टवरचा जीएसटी १८ वरून ५ टक्के झाला. समजा, तुमचं बिल दर वेळी वस्तू.जीएसटी बघून बेरीज करतं. तुम्ही तिथे ५ टाकलं, की १०० रुपये मूळ किमतीचं ऑगस्टमधलं ११८ चं बिल उघडल्यावर १०५ दाखवणार! गिऱ्हाइकाच्या हातात एक आकडा, तुमच्याकडे दुसरा.

म्हणून मध्ये 'बिलओळ' नावाचा तिसरा क्लास करा. त्यात वस्तूचं ऑब्जेक्ट ठेवा, पण विक्रीच्या क्षणी दर आणि जीएसटी उतरवून घ्या:

सेल्फ.दर = वस्तू.दर
सेल्फ.जीएसटी = वस्तू.जीएसटी

बेरीज या उतरवलेल्या आकड्यांवरूनच करा. मग वस्तूचा दर उद्या बदलला तरी जुनी ओळ हलत नाही. बिलात अशा ओळींची यादी ठेवली, की झालं.

नियम सोपा आहे: आजची माहिती हवी तिथे ऑब्जेक्ट जोडा, त्या दिवशीची हवी तिथे आकडा उतरवा.

आता तुम्ही सांगा: बिलावर छापलेला गिऱ्हाइकाचा पत्ता यातल्या कुठल्या बाजूला जाईल? आधी वहीत दोन रकाने आखा, मग कोड लिहायला बसा.